ऊन होतं, पॅनेल होतं, मग वीज का येईना?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावाचं बेट झालं. दूधगंगेचं पाणी आधी मळीत शिरलं, मग ऊस बुडाला, मग निपाणीकडे जाणारा रस्ता गेला. शेवटी चारी बाजूंना गढूळ पाणी आणि मधे उंचवट्यावर आमची शाळा, एवढंच उरलं. नदीकाठच्या माणसांना पूर नवा नसतो. पाणी चढायला लागलं की आधी नदीतल्या मोटरी काढून वर आणायच्या, मग जनावरं हलवायची, मग माणसं. त्या वर्षी मोटरी काढायलाही अनेकांना सवड मिळाली नाही. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, पाण्यात जाणार असं दिसल्यावर लाइन बंद झाली आणि गाव अंधारात गेलं.

शाळेच्या वर्गांत माणसं राहत होती. चौथ्या दिवशी पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं. आमच्या गच्चीवर माजी विद्यार्थ्यांनी बसवून दिलेले पाच किलोवॅटचे सोलर पॅनेल आहेत. ते धुऊन निघाल्यासारखे चमकत होते आणि खाली व्हरांड्यात एकाही मोबाइलला चार्जिंग नव्हतं. दहावीतली एक मुलगी माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ऊन पडलंय की. पॅनेल हाय की. मग वीज का येईना?"

मी विज्ञान शिकवतो, तरी त्या क्षणी मला नीट उत्तर देता आलं नाही. "इन्व्हर्टर बंद झालाय" एवढंच सांगितलं. तिला ते पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच.

पुढे ती बेळगावात इंजिनिअरिंगला गेली आणि एका सेमिस्टरसाठी डेन्मार्कला पोहोचली. तिथून तिच्या वर्गाची अभ्यास सहल सॅमसो नावाच्या बेटावर गेली. हे बेट वारा, ऊन आणि पेंढा यांवर चालतं, अशी त्याची जगभर ख्याती आहे. निघण्याआधी तिने मला फोन केला. "सर, आपल्या मुलांना विचारा, बेटावरच्या लोकांना काय काय विचारू?" आमच्या नववी-दहावीच्या पोरांनी वहीची दोन पानं भरून प्रश्न पाठवले. हा लेख त्या प्रश्नांतून आणि तिने आणलेल्या उत्तरांतून झाला आहे. तिचा स्वतःचा जुना प्रश्न त्यात पहिला होता, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आपल्या घरातली वीज कुठे साठवून ठेवलेली नसते. तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी कुठल्यातरी केंद्रात तेवढी वीज तयार होत असते. तव्यावरून थेट ताटात पडणाऱ्या भाकरीसारखं समजा, दुरडीत काही शिल्लक नाही. जितकी खाणारी माणसं, तितक्याच भाकऱ्या, त्याच क्षणाला. कमी पडल्या तरी पंगत मोडते आणि जास्त झाल्या तरीही मोडते.

ही पंगत जुळते आहे की नाही, हे कळण्याची एक खूण आहे. तिला फ्रीक्वेन्सी म्हणतात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे हेलकावते, म्हणजे ५० हर्ट्झ. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागला की इंजिनाचा आवाज कसा जड होतो, फेरे कमी होतात, ते आपल्या भागात लहान पोरालाही कळतं. ड्रायव्हर पाय दाबतो, डिझेल वाढतं, फेरे पुन्हा जाग्यावर येतात. देशभरातली वीजकेंद्रं म्हणजे एकाच दोराला जुंपलेले असे शेकडो ट्रॅक्टर. मागणी वाढली की सगळ्यांचे फेरे एकदम किंचित कमी होतात, ४९.९५ होतात, ४९.९० होतात, आणि ठिकठिकाणचे ड्रायव्हर पाय दाबतात. मागणी घटली की फेरे वाढतात. भारतात ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ही फ्रीक्वेन्सी ठेवायची असते. निपाणीत बसून तुम्ही पंखा लावता तेव्हा ओळीतल्या प्रत्येक यंत्रावर त्याचा कणभर भार पडतो.

आता सोलरचा इन्व्हर्टर. पॅनेलमधून निघणारी वीज एका दिशेने वाहणारी असते. तिला हेलकावणारी करून गावच्या लाइनीत मिसळायचं काम इन्व्हर्टर करतो. मुलांना मी हे लेझमाच्या भाषेत सांगतो. गणपतीत लेझमाचा ताफा निघतो तेव्हा हलगी एकाच्या हातात असते आणि बाकीचे तिच्या ठेक्यावर पाय टाकतात. आमच्या शाळेतला इन्व्हर्टर लेझीम खेळणारा आहे, हलगी वाजवणारा नाही. तारेतून ५० हर्ट्झचा ठेका ऐकू आला तरच तो खेळतो. ठेका थांबला की दोन सेकंदांच्या आत तो लेझीम खाली ठेवतो, मग आभाळात कितीही ऊन असो.

असा इन्व्हर्टर मुद्दाम बनवतात. का, ते त्याच पुरात मी पाहिलं.

सहाव्या दिवशी वायरमन नावेतून आला. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या खांबाजवळ नाव लावली. खांबावर चढण्याआधी त्याने लांब काठीच्या टोकाने अर्थिंगची वायर तिन्ही तारांना अडकवली, थोडा वेळ थांबला, मग वर गेला आणि उघड्या हातांनी काम सुरू केलं. खाली पाणी, वर तार, मधे माणूस. आता विचार करा. डीपी दोन्ही बाजूंनी चालते. वरच्या ११,००० व्होल्टचे ती खाली ४१५ करते, तशी खालून ४१५ आत गेले तर वरच्या बाजूला ११,०००ही करू शकते. लाइन बंद आहे अशा समजुतीने माणूस खांबावर आहे आणि शाळेच्या गच्चीवरचे पॅनेल उन्हाने जागे होऊन तारेत वीज ढकलत आहेत, असं झालं असतं तर? मुख्य लाइन बंद असताना एखादा तुकडा असा आपल्याआपण जिवंत राहणं, याला इंजिनिअर लोक आयलँडिंग म्हणतात. म्हणजे बेट होणं. आणि ते होऊ नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये जी सोय असते तिला अँटी-आयलँडिंग.

पाण्याने आमचं बेट केलं होतं आणि विजेचं बेट होऊ द्यायचं नाही म्हणून पॅनेल झोपले होते. त्या मुलीला चार वर्षांनी मी हे सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग सर, खऱ्या बेटावरची माणसं काय करत असतील?"

सॅमसो हे डेन्मार्कच्या दोन मोठ्या भूभागांच्या मधल्या समुद्रातलं बेट. क्षेत्रफळ जेमतेम ११४ चौरस किलोमीटर, वस्ती चार हजारांच्या आतबाहेर. एखाद्या मोठ्या बाजारपेठेच्या गावाएवढीच माणसं. शेती हाच मुख्य धंदा आणि तिथले हंगामाच्या सुरुवातीचे बटाटे साऱ्या डेन्मार्कमध्ये नावाजलेले. आमच्या मुलीने बोटीतून उतरल्यावर पहिला निरोप पाठवला तो पवनचक्क्यांचा नव्हता. बटाट्याच्या सरींचा फोटो आणि खाली लिहिलं होतं, "बेळगाव तालुक्यात आल्यासारखं वाटतंय."

१९९७ साली डेन्मार्कच्या सरकारने स्पर्धा लावली होती. दहा वर्षांत स्वतःच्या अक्षय ऊर्जेवर चालून दाखवेल असं बेट कोणतं? सॅमसोने ती जिंकली. तोवर तिथे तेल जहाजाने यायचं आणि वीज मुख्य भूमीवरच्या कोळशाच्या केंद्रातून समुद्राखालच्या केबलने. पुढच्या काही वर्षांत त्यांनी एक मेगावॅटच्या ११ पवनचक्क्या जमिनीवर उभ्या केल्या. बेटाला लागणाऱ्या विजेसाठी त्या पुरेशा होत्या. पण गाड्या, ट्रॅक्टर, बोटी तर तेलावरच चालत होत्या. म्हणून २००३ पर्यंत दक्षिणेकडच्या समुद्रात २.३ मेगावॅटच्या आणखी १० पवनचक्क्या बसवल्या आणि त्यांची वीज मुख्य भूमीला विकायला सुरुवात केली. जेवढं तेल आपण जाळतो त्याची भरपाई करणारी स्वच्छ वीज आपण बाहेर देतो, असा तो हिशेब.

आमच्या पोरांनी पैशाचंही विचारलं होतं: "या पवनचक्क्या कुणाच्या?" मला हा प्रश्न फार आवडला. जमिनीवरच्या ११ पैकी ९ एकेका शेतकऱ्याच्या आहेत आणि २ सहकारी मालकीच्या, ज्यांत बेटावरच्या सामान्य माणसांचे शेअर आहेत. समुद्रातल्या १० पैकी ५ उभ्या राहिल्या तेव्हा तिथल्या नगरपालिकेच्या होत्या. आपल्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही. साखर कारखान्याचा शेअर, दूध डेअरीचं सभासदत्व, नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थेचा हिस्सा, हे सगळं घराघरांत आहे. दारातून जी पवनचक्की दिसते तिचा आवाज आपल्यालाच सोसायचा असतो. तिच्यात आपले चार पैसे असतील तर तोच आवाज वेगळा ऐकू येतो. बेटावरचेच एक शिक्षक, सोरेन हर्मनसेन, यांनी वर्षानुवर्षं बैठका घेऊन लोकांना यात ओढलं. २००८ मध्ये टाइम मासिकाने पर्यावरणासाठी झटणाऱ्या जगभरातल्या माणसांच्या यादीत त्यांना घेतलं. एका शिक्षकाने हे केलं, याचं मला विशेष वाटतं.

तिथल्या थंडीत विजेपेक्षा ऊब जास्त लागते. त्याची सोय त्यांनी पेंढ्यावर केली आहे. गव्हाची कापणी झाली की पेंढ्याचे मोठे गठ्ठे बांधतात, गावच्या बॉयलरमध्ये ते जाळून पाणी तापवतात आणि ते गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून घराघरांत फिरवतात. मुलीने बॉयलरच्या तोंडाशी सरकत जाणाऱ्या गठ्ठ्यांचा व्हिडिओ पाठवला होता. वर्गात तो दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "आमी पाचट शेतातच पेटवतो की!" खरं आहे. उसाचं चिपाड कारखान्यात जातं, तिथे बॉयलरमध्ये जळून त्यावर वीजही होते. गळिताच्या दिवसांत आपल्याकडचे अनेक कारखाने स्वतःची गरज भागवून उरलेली वीज विकतात. पण पाचट अजून बऱ्याच शिवारांत राख होऊनच संपतं आणि जमिनीचा कसही सोबत नेतं.

मग आला तो प्रश्न, ज्याच्या उत्तराची मुलं वाट पाहत होती: वारा पडला की काय करता?

उत्तर ऐकून वर्ग हिरमुसला. वारा पडला की सॅमसो केबलमधून मुख्य भूमीची वीज घेतं. वारा जास्त झाला की त्याच केबलमधून बाहेर देतं. "म्हंजे ते खरं स्वावलंबी न्हाईच," असा निकाल एका मुलाने लगेच देऊन टाकला.

मला तो निकाल मान्य नाही, पण त्यामागची शंका अगदी बरोबर आहे आणि अक्षय ऊर्जेतली खरी गाठ तिथेच आहे. वर्षाचा हिशेब जुळणं आणि क्षणाचा हिशेब जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॅमसोचा वर्षाचा हिशेब जुळतो, किंबहुना शिल्लक पडते. क्षणाचा हिशेब मात्र शेजाऱ्याच्या भरवशावर चालतो. बातम्यांत "अमुक गाव शंभर टक्के सौर" असं वाचलं की मी मुलांना हाच प्रश्न विचारायला लावतो: वर्षाला की क्षणाला?

शेजाऱ्याच्या भरवशावर चालणं यात कमीपणा काहीच नाही. मुंबईजवळच्या घारापुरीला लेणी बघायला आपल्याकडूनही सहली जातात. त्या बेटावर फेब्रुवारी २०१८ पर्यंत रात्री काही तास डिझेल जनरेटर चालायचा. मग समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल गेली आणि तिन्ही वाड्यांना दिवसरात्र वीज मिळाली. एवढंच कशाला, आपण स्वतः विजेच्या बेटावर राहत होतो. ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत कर्नाटकासह सगळ्या दक्षिण भारताचं जाळं बाकी देशाच्या ठेक्यात नव्हतं. त्या दिवशी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि सगळा देश एका फ्रीक्वेन्सीवर आला. तोवर निपाणीतला पंखा एका ठेक्यावर फिरत होता आणि पलीकडे कागलमधला दुसऱ्या. सीमाभागात राहूनही हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

जुळण्याला दुसरी बाजूही आहे. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्येची जाळी एकापाठोपाठ कोसळली, जवळपास ६० कोटी लोकांची वीज गेली. दक्षिणेत दिवे चालू होते.

मग ज्या बेटाला शेजारीच नाही, त्याने काय करावं? मुलीने परतल्यावर आणखी दोन बेटांबद्दल वाचून आम्हाला सांगितलं. माझ्या मते सॅमसोपेक्षा आमच्यासारख्यांना शिकण्यासारखं त्यांच्यात जास्त आहे.

एल हिएरो हे अटलांटिक महासागरातलं, स्पेनच्या ताब्यातलं ज्वालामुखीचं बेट. वस्ती साधारण ११ हजार. शेजारच्या बेटांना जोडणारी केबल नाही. २०१४ मध्ये तिथे एक प्रकल्प सुरू झाला. पाच पवनचक्क्या, एकूण ११.५ मेगावॅट. डोंगरावर विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात एक तळं, खाली दुसरं, दोन्हींच्या उंचीत सुमारे ६५० मीटरचा फरक. वारा जोरात असला की उरलेल्या विजेवर पंप लावून पाणी वर चढवायचं. वारा पडला की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायची.

नदीवरून माळावर पाणी चढवणाऱ्याला यातली निम्मी गोष्ट आधीच ठाऊक असते. पाणी वर न्यायला किती वीज लागते ते बिलातच दिसतं. उरलेली निम्मी गोष्ट एवढीच की ते पाणी वर असतं तोवर ती वीज त्यात साठलेली असते. आम्ही फळ्यावर हिशेब केला. घराच्या गच्चीवर, दहा मीटर उंचीच्या टाकीतून एक युनिट वीज काढायची तर जवळपास ३७ हजार लिटर पाणी खाली सोडावं लागेल. तीन टँकर, एका युनिटसाठी! गोकाकच्या धबधब्याची उंची सुमारे ५२ मीटर, तिथे ७ हजार लिटर लागतील. एल हिएरोच्या ६५० मीटरवर फक्त ५६५ लिटर, म्हणजे तीन बॅरलपेक्षाही कमी. यात यंत्रांची घट धरलेली नाही. प्रत्यक्षात चढवताना आणि उतरवताना मिळून चारातलं एक युनिट वाटेतच जातं. तरी उंचीचं महत्त्व या तीन आकड्यांत जेवढं कळतं, तेवढं पाठ्यपुस्तकातल्या सूत्रात मुलांना कळलं नव्हतं.

गोकाकला आम्ही मुलांना नेलंही. घटप्रभा तिथे कड्यावरून उडी घेते आणि त्या पाण्याच्या जोरावर सूतगिरणी चालवायची सोय एकोणिसाव्या शतकातच झाली होती. झुलत्या पुलावर पावसाचे तुषार अंगावर घेत मुलं ७ हजार लिटर म्हणजे किती, हे डोळ्यांनी मोजायचा प्रयत्न करत होती. सौंदत्तीच्या बाजूला मलप्रभेच्या धरणाजवळही, पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडण्याचा एल हिएरोसारखाच पण कितीतरी मोठा प्रकल्प हाती घेतलेला आहे. यल्लम्माला जाताना डोंगरावर ज्या पवनचक्क्या दिसतात, तशांची वीज उरली तर ती अशी साठवता येते.

२०१९ च्या उन्हाळ्यात एल हिएरो सलग २४ दिवस डिझेलचा थेंब न वापरता चाललं. पण त्या अख्ख्या वर्षाचा हिशेब काढला तर निम्म्याहून थोडी जास्त वीज वारा-पाण्याची होती, बाकी डिझेलचीच. खालचं तळं लहान आहे, वारा आठ-पंधरा दिवस रुसला की पाणी पुरत नाही. आणखी एक बारकावा. वारा भरपूर असतानाही ते पाण्याची टर्बाइन थोडी फिरती ठेवतात. वारा दर क्षणी कमीजास्त होतो, पण पाण्याचा नळ हवा तसा, हव्या त्या क्षणी उघडता-मिटता येतो. हलगी त्या टर्बाइनच्या हातात असते.

दुसरं बेट एग, स्कॉटलंडच्या पश्चिमेला. वस्ती शंभराच्या आसपास. १९९७ सालीच तिथल्या रहिवाशांनी पैसे गोळा करून ते बेट जमीनदाराकडून विकत घेतलं. २००८ पर्यंत घरोघरी डिझेल जनरेटर होते. मग त्यांनी ओढ्यांवर तीन छोटी जलविद्युत केंद्रं, चार लहान पवनचक्क्या, सोलर पॅनेल आणि एका खोलीत बॅटऱ्यांची रांग, असं सगळं एका तारेला जोडलं. इथे हलगी बॅटऱ्यांच्या इन्व्हर्टरकडे आहे. ठेका ऐकून चालणारा आणि स्वतः ठेका देणारा असे इन्व्हर्टरचे दोन प्रकार असतात. आमच्या शाळेत पहिला होता, एगवर दुसरा आहे. केबल नाही, शेजारी नाही, तरी अंधार नाही.

पण एगवरची सगळ्यात मोलाची गोष्ट यंत्राची नाहीच. तिथे प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅट आणि प्रत्येक धंद्याला १० किलोवॅट, एवढीच मर्यादा आहे. घर मोठं असो की लहान, पैसे जास्त असोत की कमी. पाणी तापवायची किटली, कपड्यांचं यंत्र आणि शेगडी एकदम लावली की वीज तुटते आणि संस्थेच्या माणसाला बोलावून ती पुन्हा जोडून घ्यावी लागते. म्हणून लोक एकामागून एक यंत्र लावायला शिकले. उलट, वारा आणि पाऊस दोन्ही जोरात असले की उरलेल्या विजेवर गावच्या सभागृहात आणि चर्चमध्ये हीटर आपोआप सुरू होतात. सगळ्यांची उरलेली वीज सगळ्यांच्या जागेत ऊब होऊन येते.

माझं म्हणणं या दोन बेटांपाशी येऊन थांबतं. ऊन, वारा, पाणी यांतून वीज काढायचं तंत्र आता गावोगाव पोहोचलं आहे. कठीण आहे ते क्षणाला क्षण जुळवणं. त्याचे मार्ग मोजकेच: शेजाऱ्याशी जोडून घ्या, साठवा, किंवा आपली गरज उन्हा-वाऱ्याच्या वेळेवर आणा. तिसऱ्या मार्गाला सगळ्यात कमी पैसे लागतात आणि त्याचा विचारही सगळ्यात कमी होतो. आपला जिल्हा या बाबतीत नशीबवान आहे, कारण आपले ऋतूच एकमेकांची पाळी सांभाळतात. आषाढ-श्रावणात ऊन नसतं तेव्हा पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि धरणं भरत असतात. दिवाळीनंतर वारा मंदावतो तेव्हा कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि चिपाडाची वीज येते. गळीत संपतं तेव्हा चैत्र-वैशाखाचं ऊन रखरखत असतं. अशी घडी दर जिल्ह्याला लाभत नाही. शेतीच्या मोटरीला रात्री थ्री फेज देऊन शेतकऱ्याला साप-विंचवाच्या अंधारात पाणी पाजायला लावण्यापेक्षा दुपारच्या सोलरवर ती चालली, तर विजेचा मेळही बसतो आणि माणूस रात्री घरी झोपतो. याची मला मनापासून आस आहे. माझ्या वडिलांनी उसाला अशाच रात्री पाणी पाजत आयुष्य काढलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी गावी आली, तेव्हा शाळेत तिने मुलांना एक काम दिलं. पुन्हा पूर आला, पुन्हा आपलं बेट झालं, तर गच्चीवरच्या पाच किलोवॅटमध्ये काय काय चालवायचं? गृहीत असं धरायचं की शाळेत ठेका देणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी बसली आहे. आणि बाहेरची लाइन तोडणारा एक चेंजओव्हर स्विचही आहे, म्हणजे आपली वीज शाळेच्या भिंतीबाहेर एक पाऊलही जाणार नाही आणि खांबावरचा वायरमन सुरक्षित राहील.

मुलांनी यादी केली. चाळीस मोबाइल, दहा वॅटप्रमाणे ४०० वॅट. नऊ वॅटचे दहा दिवे, ९०. इन्सुलिन ठेवायला एक फ्रिज, सुमारे १५०. बोअरची एक हॉर्सपॉवरची मोटर, ७५०, पण ती दिवसातून तासभरच. रात्रीचं वेगळं मांडलं: दिवे दहा तास म्हणजे एक युनिटच्या आत, फ्रिज मिळून दोन. म्हणजे बॅटरी फार मोठी लागत नाही. सगळं बसत होतं. मग कुणीतरी म्हणालं, "गिरणी?"

गिरणीची मोटर दहा हॉर्सपॉवरची, म्हणजे साडेसात किलोवॅट. सुरू होताना तर ती त्याच्या पाच-सहा पट ओढते. पाच किलोवॅटला ते झेपणारच नाही. गिरणी खोडायला मी खडू हातात घेतला, तेव्हा आठवीतली एक पोरगी उठली. पुरात तिची आजी चार दिवस शाळेत होती. "सर, खोडू नका. मग लोकांनी खायचं काय? धान्य हुतं त्या वक्ताला, पीठच नव्हतं." वर्ग गप्प झाला. मग तिनेच विचारलं, "घरघंटी किती ओढती?"

एक हॉर्सपॉवर. ७५० वॅट, बोअरच्या मोटरएवढीच. तासाला सहा-सात किलो दळून होतं. "मग दुपारी ऊन हाय तवर चालवू. बोअर आधी, घरघंटी नंतर. दोन्ही एकदम लावायची न्हाई," ती म्हणाली.

खडू मी तिच्याच हातात दिला. तिने फळ्यावर गिरणी खोडली आणि तिच्या जागी लिहिलं: बोअर १० ते ११. घरघंटी ११ ते ३. खाली आणखी एक ओळ घातली: ज्याच्या घरी घरघंटी आहे, त्याने पाणी चढायच्या आधी ती शाळेत आणून ठेवायची.